पथ्याला शस्त्र चालत नाही

आमच्या माजलगाव तालुक्यात कर्करोगाविरुद्ध खऱ्या अर्थाने युद्ध पुकारलं ते एका निवृत्त नर्सबाईंनी. शस्त्रं दोन होती, पत्तागोबी आणि मोड आलेली मोहरी. रणभूमी म्हणजे त्यांच्या घरापुढचा शहाबादी फरशीचा ओटा. शत्रूला या युद्धाची खबर होती की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गाव त्यांना गोबी सिस्टर म्हणायचं. रेशनकार्डावर त्यांचं वेगळं नाव होतं, पण उपकेंद्रात तेहतीस वर्षं काढल्यावर त्या आधी नुसत्या सिस्टर झाल्या आणि निवृत्तीनंतर गोबी सिस्टर. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती आणि ती मोठी झाली तरी त्या त्यांना वजनावरून ओळखत. "ह्यो व्हय, ह्यो दोन किलो तीनशेचा," असं मिशा फुटलेल्या एखाद्या गड्याकडे बोट दाखवून त्या चारचौघांत सांगत. गडी अंग चोरून निघून जाई. पुढे त्यातला एक जण सरपंच झाला. सिस्टरच्या लेखी तो दोन किलो शंभरचाच राहिला.

गोबीचं प्रकरण एका कात्रणापासून सुरू झालं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख सापडला. पत्तागोबी, फुलगोबी, मुळा, मोहरी ही सगळी एकाच कुळातली मंडळी. ती नेमाने, कमी शिजवून किंवा मोड आणून खाल्ली तर कर्करोगाचा धोका कमी व्हायला मदत होते, असा त्याचा मथितार्थ. सिस्टरनी तो कापला आणि माजलगावला जाऊन त्याला लॅमिनेशन करून आणलं. आपल्याकडे लॅमिनेशन झालं की गोष्ट खरी होते. आधार कार्ड, देवाचा फोटो आणि दहावीची मार्कलिस्ट, यांच्या पंक्तीला ते कात्रण जाऊन बसलं.

गावाने हा उपदेश आपल्या पद्धतीने स्वीकारला. आमच्याकडे गोबी शिजवतात म्हणजे ती गुन्हा कबूल करेपर्यंत शिजवतात. वर शेंगदाण्याचा कूट आणि बोटभर तेलाचा तवंग. "अगं, करकर वाजली पायजे दाताखाली," असं सिस्टर सांगत, आणि बाया मान डोलावून घरी जात आणि पुन्हा तासभर झाकण ठेवत. मोहरीचं तर काही विचारू नका. ओल्या फडक्यात बांधून, रोज पाणी शिंपडून, तीन दिवस जपून तिला मोड आणायचे, आणि चौथ्या दिवशी कढईत तेल कडकडीत तापवून त्यात ती टाकायची. कारण मोहरीची जागा फोडणीत, हे मोडांमुळे थोडंच बदलतं? सिस्टरनी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा त्यांनी कढईत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "हिला तीन दिवस पाळण्यात घालून जाळली की गं तुमी."

मी शेजारी. माजलगावच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. साम्राज्यं कशी कोसळतात हे तीस वर्षं सांगून झाल्यावर माणसाचा कशावर पटकन विश्वास बसत नाही. भाजीवर तर नाहीच. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांना छेडत असे.

"सिस्टर, गोबीनं कॅन्सर टळतो याला पुरावा काय?"

"टळतो असं कोन म्हनलं? धोका कमी व्हायला मदत होती, असं छापलंय. मदत. तुमी सर असून मधला सबूद गाळता कावून?"

"म्हणजे खात्री नाही."

"खात्री तर माज्या पेन्शनीची बी न्हाई. घ्या, मुळा घ्या. तुमी लई वाचलंय सर, पन चावलंय कमी."

तंबाखू मळत येणाऱ्याला मात्र त्या ओट्यावर चढू देत नसत. एका गड्याने हिशेब मांडला होता की दिवसाला चार चिमटी तंबाखू आणि वर एक वाटी गोबी, म्हणजे बरोबरी. सिस्टर त्याला म्हणाल्या, "आदी तोंडातलं थुक. गोबी म्हंजी काय गंगा न्हाई, वरून खाल्ली की आतलं धुतलं."

असा उद्योग फार दिवस लपून राहत नाही. आमच्याकडे एक अध्यक्ष आहेत. कशाचे, ते विचारायची पद्धत नाही. त्यांनी 'कर्करोगमुक्त तालुका अभियान' काढलं. भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष हात जोडून, त्यांच्या डोक्यावर त्यांचे नेते, नेत्यांच्या डोक्यावर त्यांचे नेते, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे छापखान्याचा नंबर असतो, तिथे सिस्टर. फीत कापण्याऐवजी गोबी कापायची असं ठरलं. वाढदिवसाचे केक तलवारीने कापायची सवय असल्यामुळे कार्यकर्त्यांनी तलवारच आणली. अध्यक्षांनी घाव घातला. गड्डा निसटला, स्टेजवरून घरंगळला आणि पहिल्या रांगेतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पायाशी जाऊन थांबला. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकाने गालातली पुडी एका बाजूला सारून "ऐतिहासिक क्षण" असं म्हटलं. मग सगळ्यांना मसालेभात मिळाला. त्यात गोबी नव्हती.

परतताना सिस्टर शाल घडी करत म्हणाल्या, "पथ्याला शस्त्र लागलं, सर. चांगलं न्हाई झालं."

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. ते वाक्य मला नंतर, सत्यभामा आली तेव्हा कळलं.

सत्यभामा आमच्याच गावची, तिशीच्या आतबाहेरची. दसरा झाला की नवरा रामकिसन आणि ती ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागला की परततात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेते. एका सप्टेंबरात दोघं सिस्टरच्या ओट्यावर आली. मी तिथेच बसलो होतो. रामकिसन माझ्याकडे बघून जरा घुटमळला.

"सर हायेत तर असू दे," सिस्टर म्हणाल्या. "त्यायनी राजेरजवाडे मेलेले शिकवलेत. लाजू नको, बोल."

सत्यभामेची कंबर दुखत होती, अंगावरून जात होतं. कुठल्याशा खाजगी डॉक्टरने सांगितलं होतं की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. शब्दच असा आहे की रिकामी झाली की टाकून द्यावी असं वाटतं. मजुरांची टोळी नेणारा मुकादमही तेच म्हणत होता. पिशवी गेली की दर महिन्याची कटकट गेली, फडात खाडा नाही. टोळी निघायच्या आत उरकून घ्यायचं होतं. सासूचीही हरकत नव्हती. तिची पंधरा वर्षांपूर्वीच काढलेली होती. सत्यभामेला कुणी विचारलं होतं असं दिसलं नाही. ती फरशीवरची रेघ बोटाने गिरवत होती.

सिस्टरनी वाद घातला नाही. आत गेल्या आणि एक लाल पुठ्ठ्याची लांब वही घेऊन आल्या. चष्मा लावला. पानं उलटली. बराच वेळ बोट फिरवलं. मग रामकिसनला विचारलं, "कॅन्सरचं भ्याव हाय ना? मंग त्येचं पथ्य आदी करावं लागतंय. दिवसाआड गोबी, आठवड्याला मुळा, मोडाची मोहरी रोज एक चमचा. आनि उद्याच्या उद्या अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात तपासून यायचं, त्याबिगर पथ्य लागू होत न्हाई."

"किती दिस?" रामकिसनने विचारलं.

सिस्टरनी पुन्हा वहीत पाहिलं. "दोन वरसं. आनि एक ध्यानात ठिव. पथ्याला शस्त्र चालत न्हाई. पथ्य चालू असताना अंगाला पातं लागलं तर समदं उलटतंय."

रामकिसनने हात जोडले. डॉक्टरला, मुकादमाला, आईला 'नको' म्हणायची हिंमत त्या माणसात नव्हती. माझ्यात तरी असती का, कोण जाणे. पण 'पथ्य चालू आहे' हे तो कुणालाही सांगू शकत होता. आमच्याकडे माणूस वैद्याचं मोडेल, बायकोचं मोडेल, पथ्य मोडणार नाही. लग्नाच्या पंगतीत ताटावर बसलेला माणूस 'पथ्य हाय' म्हणाला की वाढपी निमूट पुढे सरकतो.

ती दोघं गेल्यावर मी विचारलं, "सिस्टर, हे शस्त्राचं कुठल्या पुस्तकात आहे?"

"माज्या."

"आणि गोबीनं तिचं दुखणं जाईल?"

"दुखणं गोळ्यांनी जाईल. जंतू असत्याल, अंबाजोगाईला बगतील. कॅन्सरचं म्हनाल तर तपासल्याबिगर ना त्यो डॉक्टर सांगू शकतो ना मी. खरंच निघाला तर मीच गाडीत घालून ऑपरेशनला नेईन, पथ्य गेलं खड्ड्यात." त्या वही मिटत म्हणाल्या, "पन गोबी खाऊन कुनाची पिशवी गेलेली मी पायली न्हाई."

मग मी उठायला लागल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माजी अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. असंच भ्याव घातलं हुतं. मी नर्स आसून सही केली, सर. नंतरची कंबर आनि हाडं माजी मलाच म्हायती." आणि मुळ्याची पानं निवडायला लागल्या.

सत्यभामेची तपासणी स्वच्छ निघाली. गोळ्यांनी दुखणं बरंचसं गेलं. ती टोळीबरोबर गेली तेव्हा तिच्या बोचक्यात मोहरीची पुडी होती आणि ओलं फडकं. कुणीतरी सांगितलं की फडातल्या तिच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या खोपटाला, आता मोडांची पुरचुंडी लटकलेली असते आणि तिचं बघून आणखी तीन-चार कोप्यांना लटकली. त्यातल्या किती जणी कॅन्सरला भीत होत्या आणि किती जणी डॉक्टरला, हे मी विचारलं नाही. पुढे ओट्यावर अशी जोडपी येत राहिली. लाल वही उघडत राहिली. मला इतक्या वर्षांच्या वाचनात इतकं उपयोगी पुस्तक भेटलेलं नव्हतं, आणि त्यात काय लिहिलंय ते पाहावं असंही कधी वाटलं नाही. विद्वानाचा आळस हा असाच असतो.

गेल्या श्रावणात सिस्टर गेल्या. सकाळी देवापुढे दिवा लावून उठताना खाली बसल्या, त्या बसल्याच. डॉक्टर म्हणाले हृदय. शोकसभा झाली. अध्यक्षांनी तोच फोटो कोपऱ्यातून मधे आणला आणि सांगितलं की सिस्टरनी आयुष्यभर गोबी खाल्ली आणि कर्करोगाला जवळ फिरकू दिलं नाही. हे खोटं नव्हतं. सिस्टरची मुलगी लातूरहून आली होती. सामान आवरताना तिने ती वही माझ्या हातात ठेवली. "काका, तुम्ही वाचता, तुमच्याकडंच ठेवा." मी ती कपाटात ठेवली. खरं सांगायचं तर मला थकवा आला होता. माणसं जातात, त्यांचा फ्लेक्स होतो, पावसात तो फाटतो, आणि पुढच्या वर्षी कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून दिसतो.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी रामकिसन आणि सत्यभामा माझ्या दारात उभी राहिली. "सर, सिस्टर तर गेल्या," रामकिसन म्हणाला. "दोन वरसं बी झाली. मुकादम लई मागं लागलाय. आवंदा तिचं पुन्ना थोडं दुखतंय. पथ्य सुटलं आसंल तर टोळी निघायच्या आत उरकून घ्यावं म्हनतो."

सत्यभामा चौकटीला टेकून उभी होती. या खेपेला ती फरशीकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

मी आयुष्यभर बुवा, बापू, अध्यक्ष, साऱ्यांची टिंगल केलेला माणूस. मी उठलो, कपाटातून लाल वही काढली, चष्मा लावला आणि पानं उलटली. बराच वेळ बोट फिरवलं.

"पथ्य वाढवलंय," मी म्हणालो. "अजून तीन वर्षं. आणि आधी अंबाजोगाईला पुन्हा तपासून यायचं. गाडी मी करतो."

"खरं लिवलंय का, सर?" रामकिसनच्या आवाजात अविश्वास नव्हता, नुसता दमलेपणा होता. त्याला सही तेवढी येते.

मी काही बोलायच्या आत सत्यभामा पुढे आली. माझ्या खांद्याशेजारी उभी राहून तिने वहीत पाहिलं, पानावर वरून खाली एकदा नजर फिरवली.

"व्हय," ती नवऱ्याला म्हणाली. "लिवलंय की. मुळा बी लिवलाय."

"आनि शस्त्र?"

"त्ये तर आदीच लिवलंय. वर."

रामकिसनने सुस्कारा टाकला, हात जोडले आणि मुकादमाला फोन लावायला अंगणात गेला.

सत्यभामा सातवीपर्यंत शिकलेली आहे. त्या पानावर गॅसची टाकी कधी लावली त्याच्या तारखा होत्या. शेवटची टाकी सिस्टर गेल्या त्याच्या नऊ दिवस आधीची.