पहिल्या भागात आरती नाही

"ही भाषा हिरोइनची नाही. हिरोइनच्या घरी भांडी घासणारीची आहे."

बुलढाण्याच्या सभागृहात माझी पानं हातात धरून सर माइकवर असं म्हणाले आणि सगळे हसले. सर मुंबईचे, मालिका लिहिणारे. दोन दिवसांचं लेखन शिबिर होतं. हसणारे कोण? चिखलीचे, मोताळ्याचे, मेहकरचे. चहाच्या सुट्टीत "काऊन बे, समोसे सरले का" करणारे. त्यांचा राग मला सरांपेक्षा जास्त आला.

मी मेहकरात एका सेवा केंद्रावर लोकांना दाखल्यांचे अर्ज भरून देते. सुट्टीच्या दिवशी लिहिते. मालिकेचा पायलट लिहिला होता, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग. त्यात वायरमन झालेली एक बाई होती. खांबावर चढताना ती म्हणते, "मले भेव लागत नाही." हेच वाक्य सरांनी हेल काढून वाचलं होतं.

नंतर बाजूला घेऊन त्यांनी समजावलं. प्रेमानेच, हे मुद्दाम सांगते. ब्रेकच्या आधी काहीतरी अडलं पाहिजे, भाग संपताना बघणारा लटकला पाहिजे. ते मला पटलं, अजूनही पटतं. मग म्हणाले, पहिला सीन घरातल्या आरतीचा घे. नायिकेला शुद्ध बोलायला लाव, तुझी भाषा कामवालीला दे. आधी चौकट, मग वेगळेपण. जमलं तर चॅनलला पाठवतो.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव्हारा नाही. तरी मी आरती लिहिली. चांदीचं निरांजन लिहिलं. नायिकेचं आडनाव बदललं, आणि ते तर कोणी सांगितलंही नव्हतं. त्याची आजही लाज वाटते. माझ्या माणसांना मी माझ्याच हाताने मागच्या दाराने आत घेतलं, भांडी घासायला.

आईला वाचून दाखवलं. आई लोकांच्या शेतात निंदायला जाते. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "याच्यात आपण कोन्ते व्हय?"

मी म्हटलं, ती भांडीवाली. आई उठली आणि दळण घेऊन गिरणीवर गेली.

तरीही मी पाठवलं. आशा मेली सुटत नाही.

सरांचा फोन आला. चॅनलने परत केलं होतं. असे ढिगाने येतात म्हणे, यात नवीन काय? माझ्या पानांतून माझं सगळं खरवडून काढायला लावलं, आणि आता विचारत होते, तुझं असं काय आहे? मग सर एकदम खुशीत आले.

"पण ती कामवाली फर्मास आहे. आमच्या चालू मालिकेत तशीच एक आहे. तिचे संवाद लिहून देशील? लोक हसले पाहिजेत, बस."

काम होतं. पडद्यावर नाव दिसलं असतं, शेवटी, बारीक अक्षरात का होईना. त्यासाठी तर इतकी वर्षं जीव आटवला होता. आजवर मी सरांशी पुस्तकी बोलत आले होते. त्या दिवशी तोंडातून आपोआप निघालं.

"नाही सर. हे मले जमणार नाही."

ते म्हणाले, बघ, अशी संधी परत येत नाही. खरं बोलले. परत आली नाही.

आता पायलट पुन्हा लिहिते आहे. ब्रेक सरांनी सांगितला तिथेच ठेवला आहे, ती चौकट कोणाच्या बापाची नाही. आरती काढून टाकली. त्या घरात सकाळी वंदना होते, तेवढीच. वायरमन बाई आपल्या आडनावाने खांबावर चढते.

हे कोणी घेणार नाही, मला पक्कं ठाऊक आहे. मेहकरातल्या बाईच्या पानांसाठी तिकडे कोणी खोळंबलेलं नाही. पडून राहतील. राहू देत. पण ज्याला माझ्या भाषेवर हसायचं आहे, त्याला ती मी लिहून देणार नाही.