उताणे मासे

सरोजिनीताई सीवूड्सहून दर शनिवारी करावे गावात मुलांचा वाचनवर्ग घ्यायला येत. त्या दिवशी त्यांनी हायकू शिकवला. "तीनच छोट्या ओळी. आज सकाळी जे पाहिलंत, तेवढंच लिहा."

मासेमारी करणाऱ्या तुळशीरामची दिशा उठली नि वाचू लागली, "खाडीचं पाणी, मासे उताणे सारे, बाबा गप्पच."

"वा! काय कल्पना आहे गं!"

"कल्पना नाय, मॅडम. खरंच हाय."

ताई मुलांबरोबर खाडीवर धावल्या. फेसाळ पाण्यावर दूरपर्यंत मेलेले मासे तरंगत होते. तुळशीराम जाळं धरून नुसता उभा होता. ताईंनी तक्रारीसाठी महापालिकेला फोन लावला आणि तो दिशापुढे धरला, "सकाळी पाहिलंस, ते तूच सांग." दिशानं फोन घेतला आणि सगळं सांगितलं.