मेट्रोच्या नव्या डब्यात धरलेली जागा

माह्या तोंडाले नालवाडीत कोणी लागत नाई. पण नागपुरात मी माही सोताची जी फजिती करून घेतली, ती ऐकाच. कप आधी खाली ठेवा, नाई त चहा अंगावर सांडाल!

पोराचं साक्षगंध होतं नागपूरले. पोरगा मित्राच्या गाडीनं पुढं गेलता. मी, माहे मालक अन् माही जाऊ शांता मागून रेल्वेनं गेलो. तिथून पुढं मेट्रो. होणाऱ्या सुनेची अंगठी माह्यापाशी. चोराचा काय भरोसा? म्हणून खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी घेतली, वर भरताचे वांगे, खाली तिखटाचा डबा, अन् अंगठी तिखटात! आहे का नाई अक्कल?

मेट्रोच्या फलाटावर पाहतो त पब्लिकच पब्लिक! त्या लाइनीवर त्याच दिवशी नवेकोरे डबे आले होते. गाडीले झेंडूचे हार, जो तो फोटो काढून राह्यला.

आता तुम्हीच सांगा, एसटी लागली का आपण काय करतो? खिडकीतून पिशवी टाकतो. जागा आपली! पण या नव्या डब्याची खिडकी उघडतच नाई. म्हणून दार उघडलं तशी मी लोकांच्या डोक्यावरून पिशवी फेकली. बरोब्बर सीटवर! मग मागं वळून ऐटीत म्हटलं, "चाल वं शांते, आरामात."

तेवढ्यात दार बंद! गाडी चालू! अंगठी डब्यात अन् आम्ही फलाटावर!

मी गार्डवर धावली. "थांबवा ना ते गाडी! माही पिशवी गेली!"

"काकू, तशी थांबत नाई ते. काय आहे पिशवीत?"

आता भर लोकांत सोनं आहे म्हणू? "काही नाई!"

"काही नाई त एवढ्या काऊन घाबरल्या?"

"तुले काय कराचं? पिशवीले कोणी हात लावाचा नाई, सांगून ठेवते!"

झालं! गार्डचा चेहराच बदलला. वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला, अन् पुढच्या स्टेशनावर अख्खी नवी गाडी रिकामी केली ना बापा! आम्ही मागच्या गाडीनं पोचलो त माही पिशवी फलाटावर मधात एकटी अन् पोलीस लांब उभे.

"उघडा, काकू."

वांगे निघाले. डबा निघाला. तिखटात बोटं घालून अंगठी काढली तव्हा साहेब शिंकता शिंकता हसत होते. माहे मालक खांबामागं, जसे मले ओळखतच नाई!

हॉलमध्ये पोचलो त सारे वाटच पाहून राह्यले होते. मुलीचे मामाही तेव्हाच आले, घामाघूम.

"कोण्या बाईनं डब्यात पिशवी फेकली! माह्याच बाजूच्या सीटवर पडली. मीच बटण दाबून ड्रायव्हरले सांगितलं, बेवारस पिशवी आहे म्हणून. समद्यायले उतरवलं!"

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "असतात बापा एकेक बाया! जनाची नाई त मनाची तरी ठेवावी!"

"नाई त काय..." म्हणता म्हणता मामा माह्या हाताकडं पाहून थांबले. खताची पिशवी!

मले वाटलं, मोडलं पोराचं साक्षगंध.

मामानं कोपरापासून हात जोडले. "ताई, लग्नात तुमची पहिली खुर्ची मी सोता धरून ठेवतो. तुम्ही फक्त काही फेकू नका!"