मिलिंददादाने उघडून दिलेले फोटो

ज्योतीवहिनीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याखालच्या चहाच्या टपरीपाशी उभी होते. ती एवढंच म्हणाली, “सुनीता, वर ये. मशीन बंद केलं त्यांनी.” तिचा नवरा, आमचा मिलिंददादा, आठ दिवस व्हेंटिलेटरवर होता. कवटी तीन ठिकाणी फुटली होती. आज त्याला सव्वा महिना झाला... तो माझ्या फोटोंपायी गेला, हे मला कुणी सांगायला नको.

पिंपरीत त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. मी चाकणला प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे भाग दाबायचे. हात आडवा आला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरने तो काढून ठेवला होता. एका दुपारी प्रेस खाली आला आणि माझ्या उजव्या हाताची चार बोटं साच्यातच राहिली. शेजारच्या मशीनवरच्या रेखाने माझ्या हाताला ओढणी गुंडाळली. मला गाडीत घालून नेल्यावर तिने आपल्या आयफोनवर साच्याचे आणि लोंबणाऱ्या वायरींचे फोटो काढले.

कंपनीने लिहून दिलं की सेन्सर चालू होता, बाईचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. मी रेखाचे फोटो घेऊन कामगार कार्यालयात गेले, तर तिथल्या कॉम्प्युटरवर एकही उघडेना. साहेब म्हणाले, “दिसतच नाही, तर पुरावा कसला?”

कुणीतरी मिलिंददादाचं नाव सांगितलं. त्याचे वडील कारखान्यात राबलेले. माझ्या हाताचं बँडेज बघून तो खुर्चीवरून उठला. “जयभीम ताई, बसा.” फोटो बघून म्हणाला, “खराब नाहीत हे. आयफोनच्या फोटोची जात वेगळी, जुन्या कॉम्प्युटरला ती वाचता येत नाही. जेपीजी करून देतो, कुठंही उघडतील.” मी विचारलं, “स्क्रीनशॉट काढून दिले तर?” “नको. कधी काढले ते त्यातून जातं. आणि मूळ फाइल कधी पुसायची नाही.” पहिला फोटो पडद्यावर मोठा झाला. साच्यात माझी बोटं होती. तो बाहेर जाऊन गटारात ओकला, तोंड धुऊन आला आणि मला म्हणाला, “आता तुम्ही बसा. डाव्या हातानं माउस धरा. उद्या दुसरी कुणी आली तर तुम्हाला करता आलं पाहिजे.”

कामगार कार्यालयात फोटो उघडले. कंपनीला नोटीस गेली. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी तिघे दुकानात शिरले. मी तिथेच होते. “त्या बाईचे फोटो उडव,” एक जण म्हणाला.

“ऑफिसात पोचलेत, भाऊ. इथले उडवून काय मिळणार?”

“उडव म्हटलं ना.”

“न्हाई उडवणार.”

लोखंडी पाइप आधी पडद्यावर बसला, मग त्याच्या मनगटावर. दादा सीपीयूवर पालथा पडला. त्यात माझ्यासारख्या कितीतरी जणांचे कागद होते. पाठीवर, मानेवर, डोक्यावर... ओला नारळ फुटावा तसा आवाज आला. मी एकाच्या दंडाला कडकडून चावले. त्याच्या रक्ताची चव अजून तोंडातून जात नाही.

समोरच्या दुकानदाराने सगळ्याचे फोटो काढले होते, पळणाऱ्या तिघांच्या तोंडांसकट. पण त्याचाही आयफोन. पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, “वहिनी, हे उघडत नाहीत. जेपीजी करून आणा.” वहिनीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही शटर वर केलं. फरशीवरचं रक्त काळं पडलं होतं. दुसऱ्या दुकानातून कॉम्प्युटरचा पडदा मागून आणला, आणि मी दादाच्या खुर्चीत बसून एकेक फोटो उघडत गेले.

तिघे आत आहेत. त्यांना पाठवणाऱ्याचं नाव अजून कागदावर आलेलं नाही. दुकान आता वहिनी आणि मी चालवतो. भिंतीवर दादाचा फोटो लावायचा म्हणून आम्ही सगळा कॉम्प्युटर धुंडाळला. माणसांच्या नावानं केलेली शेकडो फोल्डरं निघाली, तुटलेले हात, भाजलेले पाय, आधारकार्डं... त्याचा स्वतःचा एकही फोटो नाही. आहेत ते त्या दुपारच्या मारहाणीचे, मी बदलून दिलेले, आणि ते भिंतीवर लावता येत नाहीत. खिळा तेवढा ठोकून ठेवलाय.