आर्डिथ कोगर आणि मिनेसोटाची घसरण

आर्डिथ कोगर माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसली. हॉबर्ट्स रन या आमच्या गावातलं बुटांचं दुकान बंद पडलं, त्या जागेत फोनवरून पाहणी करणारी एक कंपनी आली, आणि गावातल्या आम्हा तीस बायकांना एकेक खुर्ची, एकेक हेडफोन आणि बसून करायचं काम मिळालं. एक बडी संस्था दरवर्षी पन्नास राज्यांची यादी काढायची. कुठली माणसं किती धडधाकट, कुठली किती शिकलेली, त्याप्रमाणे क्रमांक. त्यासाठी लोकांना फोन करून विचारायचं काम आमचं.

"एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे असं तुम्ही म्हणाल? उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, बरी, की वाईट?"

मग साखर, रक्तदाब, दात, सिगारेट. शेवटी शिक्षण. मध्ये आपलं मत घालायचं नाही, हळहळायचं नाही, "अरे देवा" म्हणायचं नाही.

त्या यादीत आमचं वेस्ट व्हर्जिनिया दरवर्षी एकोणपन्नासावं. पन्नासाव्या राज्याबद्दल आमच्या गावात सगळ्यांना फार जिव्हाळा होता.

या गोष्टीच्या वेळी आर्डिथ साठीला टेकलेली. अंगाने भरलेली, पाय संध्याकाळपर्यंत सुजलेले, डब्यात रोज मसालेदार सॉसेज भरलेले दोन पेपरोनी रोल आणि थर्मासमध्ये गोड मिट्ट चहा. नवरा डॉर्सी एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. आता तो ओसरीवर बसून श्वास घ्यायचा, आणि तेच त्याचं दिवसभराचं काम होतं. नोकरीच्या अर्जात आर्डिथने शिक्षणापुढे "बारावी पास" लिहिलं होतं. खरं तर अकरावीच्या मध्यात मुलगी पोटात राहिली आणि शाळा सुटली. हे मला माहीत होतं, कारण त्या वर्गात मीही होते. मी गप्प राहिले. माझ्या अर्जातही एकदोन गोष्टी होत्या.

तिला टाइपिंग येत नव्हतं. कंपनीचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की उत्तर अख्खं टाइप करावं लागायचं, आणि आर्डिथ उजव्या हाताच्या एकाच बोटाने एकेक अक्षर शोधून काढायची. बाकी आम्ही फडाफड टाइप करून पुढच्या प्रश्नावर जायचो. तिचा एक फोन संपेपर्यंत माझे दोन व्हायचे. पण तिचा फोन कुणी मध्येच आपटत नसे, म्हणून पुरे झालेले फॉर्म तिचेच सगळ्यांत जास्त. त्यामुळे तिला कुणी काही बोलत नव्हतं.

मग एका वर्षी संस्थेच्या आकडेतज्ज्ञांना एक गोष्ट खटकली. वेस्ट व्हर्जिनियातल्या बाकी बायकांच्या फॉर्ममध्ये दहातले दोन जण तब्येत "वाईट" म्हणत. आर्डिथच्या फॉर्ममध्ये पाच. ते कंपनीला कळलं, कंपनीने आमच्या मॅनेजरला कळवलं.

मॅनेजर ग्रेडी फर्बी. लहानपणी आर्डिथच्याच अंगणात खेळलेला, त्यामुळे तिच्यावर ओरडायच्या आधी तो घसा साफ करायचा आणि मग ओरडायचा नाहीच.

"आर्डिथबाई, तुम्ही लोकांना काही सुचवता का हो? म्हणजे, बाबा, वाईट म्हण, असं काही?"

"मी कशाला सुचवू? त्यांना माहीत नाही होय, आपलं काय दुखतंय ते?"

"मग तुम्हालाच का इतके आजारी सापडतात?"

"तू ऐकून घे ना. मशीन आहे तुझ्याकडे."

सगळे फोन रेकॉर्ड होत असत. ग्रेडीने तिचे चाळीस फोन ऐकले. एक तर त्याने आम्हा सगळ्यांना ऐकवला, इतका तो चक्रावला होता. पलीकडे आमच्याच डोंगरातला एक म्हातारा.

"उत्कृष्ट, बाई," म्हातारा म्हणतो. मग नुसतं टक्. बराच वेळ काही नाही. टक्.

"म्हणजे... नाकात ऑक्सिजनची नळी आहे. पण ती सोडली तर उत्कृष्ट."

टक्.

"खूप चांगली लिहा हवं तर."

टक्. टक्.

"अहो, काय चाललंय? दगडावर कोरताय का?"

"लिहितेय. होतंय सावकाश," आर्डिथचा आवाज.

पुन्हा शांतता. त्या शांततेत म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येतो, आणि मग तो हळू आवाजात म्हणतो, "बरं, वाईट लिहा. बायको दुकानात गेलीय म्हणून सांगतो."

शिक्षणाचं तसंच. पहिल्यांदा "बारावी", दोन टकांनंतर "दहावी", आणि मग "आठवी, पण गणितात पहिला यायचो, तेही लिहा."

ग्रेडीने डोकं धरलं. बाईने एक शब्द नियमाबाहेर बोललेला नाही. फक्त ती हळू टाइप करते, आणि माणसाला तेवढा वेळ गप्प बसवत नाही. त्यावर कुठला नियम लावणार? काढून टाकावं तर पुऱ्या फॉर्मचा आकडा पडणार. वरून तर सांगणं आलं की राज्यांच्या आकड्यांत "सारखेपणा" हवा. शेवटी त्याने तोडगा काढला. मिनेसोटातही त्याच कंपनीचं केंद्र होतं. आर्डिथला मिनेसोटाचे नंबर द्यायचे, आणि आमच्या भागातले तिच्या वाट्याचे नंबर तिकडच्या मुलींना.

"तिकडची माणसं ठणठणीत असतात, आर्डिथबाई. तलावात पोहतात, बर्फात धावतात. तुम्हालाही जरा बरं वाटेल."

"मला काय झालंय?" आर्डिथ म्हणाली.

मिनेसोटा त्या यादीत दुसरं होतं. पहिला आठवडा आर्डिथ जेवणाच्या सुट्टीत आम्हाला हसवून मारायची. एक बाई म्हणे तब्येत "बरी" लिहा, कारण गुडघ्यामुळे यंदा तीसऐवजी वीसच मैल स्कीइंग झालं. एकाने शिक्षण सांगायला चार मिनिटं घेतली. "इतक्या पदव्या, ट्वायला," ती मला म्हणाली, "मला वाटलं हा माणूस बाहेर पडलाच नसेल कधी शाळेतून."

पण दुसऱ्या आठवड्यापासून ती कमी हसायला लागली. तिकडची माणसं फार सभ्य. विचारलं की लगेच म्हणणार, "चांगली. तशी तक्रार काही नाही." आणि आर्डिथचं बोट "च" शोधायला निघालं की ती माणसंही तिथेच थांबायची. डुलुथकडचा एक म्हातारा असाच थांबला. मग म्हणाला की नोव्हेंबरात बायको गेल्यापासून तो दोन्ही वेळा टोस्टच खातोय. छातीत चमक येते, डॉक्टरला सांगितलेलं नाही, कारण डॉक्टर मुलाचा मित्र आहे. "तेव्हा चांगलीऐवजी दुसरं काहीतरी लिहा," तो म्हणाला. "तुमच्याकडे काय काय आहे?" आर्डिथने पुन्हा पाचही पर्याय वाचून दाखवले. त्याने शेवटचा घेतला आणि आभार मानले.

त्या दिवशी तिने डब्यातला दुसरा रोल मला दिला.

हिवाळ्यात एका रविवारी दुपारी तिच्याच घरचा फोन वाजला. मी तिथे होते, डॉर्सीसाठी राजम्याचं सूप घेऊन गेले होते. पलीकडे मिनेसोटाच्या केंद्रातली एक गोड आवाजाची मुलगी. आर्डिथने फोन स्पीकरवर टाकला आणि आम्हाला डोळा मारला. नोकरीच्या नियमाप्रमाणे तिने लगेच सांगायला हवं होतं की मी याच कंपनीत आहे, माझं नाव वगळा. तिला गंमत वाटली असावी.

"एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे असं तुम्ही म्हणाल?"

"खूप चांगली," आर्डिथ म्हणाली.

फोनमधून कीबोर्डचा सडासडा आवाज आला, पत्र्यावर गारा पडल्यासारखा, आणि लगेच पुढचा प्रश्न. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. डॉक्टरकडे शेवटचं कधी? गेल्या वर्षी. प्रत्येक उत्तरानंतर आर्डिथचं तोंड थोडं उघडं राहायचं, जणू अजून काही यायचंय, पण तोवर मुलगी पुढे गेलेली असायची. शिक्षण? बारावी. "धन्यवाद, मॅडम, तुमचा दिवस छान जावो." चार मिनिटांत सगळं आटोपलं.

डॉर्सी हसायला लागला आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर म्हणाला, "गेल्या वर्षी डॉक्टर? तो कुत्र्याचा होता."

"गप बस."

"आणि बारावी! बाई अजून शिकतच आहे की काय?"

आर्डिथ हसली नाही. फोन हातात तसाच. "मी सांगणार होते," ती म्हणाली. "त्या पोरीने जागाच दिली नाही."

मार्चमध्ये यादी आली. वेस्ट व्हर्जिनिया सत्तेचाळिसावं. दोन पायऱ्या वर! राजधानीतून एक गृहस्थ आले, टायवर राज्याची पिन लावून. जुन्या बुटांच्या दुकानात, म्हणजे आमच्याच ऑफिसात, भलामोठा केक कापला, त्यावर निळ्या साखरेत "४७" लिहिलेलं. सव्वीस वर्षांतली ही सर्वांत मोठी झेप, असं ते म्हणाले, आणि डोंगरातल्या माणसांच्या चिकाटीला श्रेय दिलं. कुणाची तब्येत सुधारली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही साताच्या बाजूचा तुकडा कुणाला मिळतो यावर भांडत होतो. फोटोत पहिल्या ओळीत आर्डिथ, कारण पुरे झालेल्या फॉर्मांत तीच पहिली होती.

केक संपायच्या आत मिनेसोटाचं कळलं. मिनेसोटा दुसऱ्यावरून चौथ्यावर आलं होतं.

आमच्या सत्तेचाळिसाची चौकशी कुणी केली नाही. मिनेसोटाच्या चौथ्या क्रमांकाची मात्र तीन आठवडे चालली. आकडेतज्ज्ञ पुन्हा बसले, पुन्हा एकाच टेबलाचा नंबर निघाला, आणि पुन्हा ग्रेडी घसा साफ करत आला.

"आर्डिथबाई, वरच्यांचं म्हणणं आहे, तुमचा अनुभव फार मोठा आहे."

"बोल बाबा, कुठे टाकतोयस आता? अलास्का?"

"नवीन मुलींना शिकवा. टाइपिंगचा वेग कसा वाढवायचा ते."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण कागदावर तसंच लिहिलेलं होतं. आर्डिथने अकरा दिवस मुलींना वेग शिकवला. बाराव्या दिवशी तिने हेडफोनची वायर नीट गुंडाळली, ग्रेडीच्या टेबलावर ठेवली, आणि म्हणाली, "तुझी आई मला विचारेल काय झालं म्हणून. तिला काय सांगायचं ते तूच ठरव." ग्रेडी खरंच रडवेला झाला. निरोपाला पुन्हा केक आणला, पण तो तिने खाल्ला नाही.

कारण त्याच आठवड्यात ती चर्चमागच्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिथे डॉक्टर नाही, नर्स आहे, लुएला हॅमरिक, तीच तपासते, तीच औषध लिहून देते. फॉर्मवर तब्येतीचा तोच प्रश्न होता. आर्डिथने आधी "बरी" वर खूण केली. लुएला दुसऱ्या पेशंटच्या मागे गेली होती आणि यायला वेळ लागला. ती परत आली तेव्हा "बरी" वर काट मारलेली होती. साखर तीनशे बारा निघाली.

"इतके दिवस कुठे होतीस?" लुएलाने विचारलं.

"मिनेसोटात," आर्डिथ म्हणाली.

लुएलाला काउंटरवर माणूस हवाच होता. आर्डिथने लगेच होकार दिला, आणि मग अर्ज आला. शिक्षणाच्या ओळीवर पेन थांबलं. या वेळी तिने "अकरावी, अर्धी" लिहिलं. लुएला वाचून म्हणाली, बारावीचं प्रमाणपत्र लागतं गं, नियम आहे, पण तोवर तात्पुरती ठेवते.

मग साठाव्या वर्षी आर्डिथ कोगर आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रौढांच्या वर्गाला जायला लागली. मीही तिच्यासोबत जाऊन बसले. इंग्रजी आणि इतिहास तिने सहज काढला. गणितात ती पहिल्यांदा नापास झाली, कारण पेपर संगणकावर होता आणि वेळ संपला तेव्हा तिचं बोट तेराव्या प्रश्नावर होतं. दुसऱ्यांदा पास झाली. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी डॉर्सीने शेजाऱ्यांना ओसरीवर बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवलं, मध्ये तीनदा थांबून.

दवाखान्यात आता फॉर्म घ्यायला तीच बसते. माणसं येतात, पहिल्या झटक्यात "उत्कृष्ट" वर खूण करतात, आणि ती कागद घेऊन एकेक ओळ संगणकात भरायला लागते. काही जण तिचं बोट बघत उभे राहतात. काही म्हणतात, थांबा जरा, तो कागद द्या बघू इकडे. वर्षभरात लुएलाकडचे मधुमेहाचे पेशंट दुप्पट झाले, आणि दमेकरी त्याहून जास्त. मग आरोग्य खात्याचं पत्र आलं: आपल्या एकाच खोऱ्यात आजारांत झालेल्या या वाढीचं कारण कळवावं.

"काय कळवू?" लुएलाने विचारलं.

"बसायला खुर्च्या कमी पडतात म्हणून कळव. चार मागव."

लुएलाने तसंच कळवलं. खुर्च्या आल्या नाहीत. जूनमध्ये चौकशीला एक माणूस आला, चष्मा लावलेला, घामाघूम, डोंगराच्या वळणांनी पार पिवळा पडलेला. आर्डिथने त्याला पाणी दिलं आणि आधी फॉर्म भरायला लावला.