शुक्रवारी न दिसलेला धूमकेतू

आदरणीय विश्वनाथअप्पा गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी एक शब्दही कमीजास्त होऊ नये, या धास्तीने हे तिसऱ्यांदा लिहीत आहे.

गुरुजींना मी प्रथम पाहिले ते परभणीत, आमच्या तेलाच्या दुकानात. आमच्या घरात तोवर कुणी पाटी धरली नव्हती. मी कोळशाने भिंतीवर अक्षरे गिरवत होते. ते पाहून त्यांनी मला शाळेत घालण्याचे सुचवले.

बाबा म्हणाले, "शिकवून काय तालुकदार करायलाव का हिला?"

गुरुजी म्हणाले, "आधी दोन पाट्या तरी फोडू द्या!"

पेडगावच्या दोन मुलींना तर गुरुजींनी स्वतःच्या घरी ठेवून शिकवले. त्या चुलीकडे वळल्या की ते "आधी पाढे" म्हणत.

चौथीत बाबांनी अट घातली. शाळा तपासायला येणारे निजाम सरकारचे मोहतमीम साहेब हो म्हणाले तरच पुढची शाळा. त्याच हिवाळ्यात धूमकेतू आला. सूर्यास्तानंतर दिसेल तसा रोज वहीत काढायला गुरुजींनी सांगितले. पश्चिमेला जिनिंगचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे, विजेचे दिवे भगभगत असत. मी चार संध्याकाळी लांबलचक शेपूट काढले. गुरुजींनी वाखाणून वही साहेबांसाठी वेगळी ठेवायचे ठरवले.

शुक्रवारी जिनिंगला सुट्टी होती. शेपूट नाहीसे झाले. मी काढला होता तो दिव्यांनी उजळलेला धुराड्याचा धूर!

शनिवारी मी वही पुढे केली. "गुरुजी, तो धूर होता."

ते हसले. "म्हंजे आपल्या जिनिंगलाच शेपूट फुटलं की!" मी पान फाडू लागले, तसा त्यांनी हात धरला. "फाडायचं न्हाई. एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. अन् कालचंबी लिही."

मी लिहिले: 'शुक्रवार. जिनिंग बंद. धूमकेतू दिसला नाही.'

संध्याकाळी गुरुजी आमच्या माळवदावर चढून आले आणि जिनिंगच्या दिव्यांकडे उघडी छत्री आड धरून उभे राहिले.

"गुरुजी, पाऊस न्हाई पाणी न्हाई, छत्री कशाला?" बाबांनी विचारले.

"उजेड गळायलाय." मग मला म्हणाले, "काल आभाळ मोकळं होतं, तरी तू धुराड्यापाशीच शोधत बसलीस. डावीकडं बघ."

तिथे कापसाच्या पुंजक्याएवढा, बोटभर शेपटीचा धूमकेतू होता.

तपासणीत साहेब नेमके रेघ मारलेल्या पानावर थांबले. शुक्रवारची नोंद वाचून ते म्हणाले, "सच लिखती है ये बच्ची. आगे पढ़ाइए." बाबांनी हात जोडले ते साहेबांना नव्हे, गुरुजींना.

आज मी पाथरीत मुलींना शिकवते. माझ्या वर्गात चुकलेले पान कुणी फाडत नाही.

गुरुजींना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. पुढचा धूमकेतू येईल तेव्हा छत्री आम्ही धरू. पाहायला ते हवेत.