माझ्या फार्मसीतला स्पोर्ट्स कोटा

परदेशात, हेन्डरसनला माझी छोटी फार्मसी होती तेव्हाची, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. काउंटरवर एक पोरगी होती, कामाला चोख, आणि त्या देशाच्या महिला रग्बी संघात खेळणारी. हो, देशाच्या! त्याचा पगार? शून्य. कॅम्प असला की माझ्याकडे बिनपगारी रजा मागायची, तीही मान खाली घालून.

एके दिवशी म्हणाली, इंग्लंडच्या एका क्लबने बोलावलंय. राहायला खोली, वर नोकरी. "इथे भाडं परवडत नाही. पण तिकडे गेले की इथली निवड विसरायची." एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

त्याच आठवड्यात तिच्याच क्लबचे एक कमिटीवाले आले. त्यांच्या पुरुषांच्या टीममधला राष्ट्रीय खेळाडू जास्त पैशासाठी जपानच्या क्लबकडे निघाला होता. त्याला थोपवायला दुकानदारांकडून वर्गणी, अगदी गणपतीची मागतात तशी! मी काउंटरकडे बोट केलं. "आणि हिला कोण थोपवणार?"

"बायका काय, हौसेने खेळतात," ते हसून म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. "मग त्यालाही सांगा, हौसेने खेळ म्हणावं!" वर्गणी दिली नाही.

माझे बाबा पुण्यात बँकेत होते. त्यांच्या शाखेत कबड्डीच्या मुली स्पोर्ट्स कोट्यातून लागलेल्या. सकाळी मस्टरवर सही, दुपारी मैदान, पगार पूर्ण. मला वेडीला वाटायचं, जगभर असंच असतं. इथे तर कुणी ऐकलंही नव्हतं. म्हटलं, ठीक आहे, मीच काढते कोटा, एका माणसाचा. तिला सांगितलं, "इंग्लंडला नाही म्हणून कळव. प्रॅक्टिसला जा, कॅम्पला जा. पगार चालू राहील."

नवरा म्हणाला, "अगं, ही काय बँक आहे? तिच्या शिफ्ट कोण करणार?"

"मी!" आणि केल्या. कॅम्पचे तीन आठवडे, शनिवारसकट. पाय सुजले, गिऱ्हाइकं ताटकळली, नवऱ्याने तोंड फुगवलं. फुगवू दे.

कॅम्पहून ती थेट दुकानात आली. संघातून वगळलं होतं. तीन आठवड्यांचा पगार पाकिटात घालून आणलेला, तो माझ्यासमोर ठेवला. "हा परत घ्या. इंग्लंडवाल्यांना पुन्हा विचारते."

मी भडकलेच. "उचल आधी ते! निवड हुकली म्हणून पगार कापायला मी काय सिलेक्टर आहे? जायचं तर खुशाल जा. पण इथे पगार मिळत नाही म्हणून गेले, असं सांगत फिरायचं नाही. तो मिळतोय."

दुकानात चार माणसं बघत होती. तिने नाक पुसलं, पाकीट उचललं.

"उद्या सकाळी क्लबची प्रॅक्टिस आहे," म्हणाली. "नऊला आले तर चालेल?"

"साडेनऊला ये," मी म्हटलं. "आंघोळ करून."